टोरीचं तेल

साखळीचा एक दात उन्हात आला, लखलखला, आणि सुकरामच्या अंगठ्याखालून सरकत पट्टीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला. त्याच्यामागून दुसरा आला. एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, पुन्हा डावीकडे... प्रत्येक दाताला गोल कानस आतून बाहेर मारायची, परत आणताना उचलून घ्यायची, घासत आणायची नाही — सकाळपासून हेच चाललं होतं, चिंचेखालच्या ओट्यावर, आणि कानशीच्या त्या बारीक किरकिरीनं त्याच्या डोळ्यांवर एक गुंगी उतरली होती. तलावाकडून गार हवा येत होती. फागुन लागला तरी सकाळची थंडी काही नवेगाव सोडायला तयार नव्हती. मशीनची पिन बोर्डातून काढलेली होती, वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली होती; तरी त्यानं मान वळवून खुंटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. हल्ली त्याला हे फार होई.

साखळी पुढे ओढणारा हात डावा, मोजा घातलेला. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पौषात गेलं. मधलं उरलं, पण ते वाकत नाही, आपलं सरळ उभं असतं — शाळेत मास्तरला हजेरी देऊन राहिल्यासारखं, असं त्यानं एकदा दुर्पताला हसत सांगितलं होतं, आणि ती हसली नव्हती. मोज्याची ती दोन रिकामी बोटं तिनं आत दुमडून शिवून टाकली होती. गोणपाटाच्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं, असे घट्ट टाके की मोजा फाटेल पण टाका उसवायचा नाही. बाईचं कुठलंही काम असंच. एकदा बांधलं की बांधलं.

मशीन म्हणजे साखळीची करवत, विजेवर चालणारी. जन्मभर जंगलखात्याच्या लाकूडतोडीच्या कूपात कुऱ्हाड चालवलेल्या सासऱ्याला जावयानं, भूपेंद्रनं, गोंदियाहून आणून दिली होती. वायर जेवढी, तेवढंच तिचं राज्य. जंगलात ती काही जात नव्हती. म्हणून लोकच लाकूड घेऊन अंगणात येत. बांधावरची बाभूळ, वाळलेला आंबा, लग्नाच्या रसोईचं सरपण. पहिल्या दिवशी तिनं ओंडक्यातून अशी वाट काढली की सुकराम बघतच राहिला, त्याच्या खांद्यांनी आयुष्यभर जे काम घामानं केलं ते तिनं एका सुरात केलं, आणि त्याला थोडं वाईटही वाटलं होतं, उगाच, कुऱ्हाडीसाठी. मग वाटेनासं झालं. आणि आता तर ती मशीन त्याच्या हातातच राहिली नव्हती. पुढची मूठ डाव्या हातानं घट्ट धरावी लागते, अंगठा खालून वळवून, आणि उरलेल्या बोटांत तेवढं बळ नव्हतं. आजपासून दुर्पता चालवणार होती.

हे तिनंच ठरवलं. एका संध्याकाळी भाकर थापता थापता म्हणाली, मी चालवीन. तो हसला. ती नाही हसली. मशीन पडून राहिली तर गंजेल, एवढंच म्हणाली आणि भाकर उलटली. मग इतके दिवस पिन काढलेल्या मशीनवर त्यानं तिला शिकवलं. उभं कसं राहायचं, तर ओंडक्याच्या बाजूला, पट्टीच्या रेषेत डोकं येऊ द्यायचं नाही. वायर उजव्या खांद्यावरून मागे. दव पडलेल्या गवतात बोर्ड ठेवायचा नाही, विटेवर ठेवायचा. घरात ती दोघं गोंडी बोलत, पण मशीन आली की दोघांची जीभ आपोआप झाडीबोलीवर येई. ब्रेक, बोर्ड, पिन, या गोष्टींना आजोबा-पणजोबांनी काही शब्द ठेवलेलेच नव्हते. आणि दुर्पता प्रत्येक गोष्टीला विचारायची, काऊन? साधं विचारायची, भांडणासारखं नाही. कारण कळल्याशिवाय तिच्या डोक्यात काही बसतच नसे. टोक लाकडाला लावायचं नाही — काऊन? तर टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उलटी उसळते, थेट तोंडाकडे येते. ब्रेक कायले? तर उसळली की मनगट पुढच्या पट्ट्यावर आपटते अन् साखळी जागीच थांबते... ती ऐकून घ्यायची, एकदा मान हलवायची, आणि पुन्हा कधी चुकायची नाही. त्याला तिचा अभिमान वाटे. मनातल्या मनात तर तो म्हणे, आपल्यापेक्षा ही बरी निघणार.

आज पहिल्यांदा पिन लागणार होती. केशोराव पोवाराच्या मुलीचं लग्न होतं, वाळलेल्या आंब्याचे ओंडके ट्रॅक्टरमधून येणार होते, आणि संध्याकाळच्या आत रसोईचं सरपण पाहिजे होतं. दुर्पतानं सुकरामचा जुना खाकी सदरा चढवला होता, बाह्या मनगटाशी बांधल्या होत्या, लुगड्याचा काष्टा आवळला होता, पदर नावाला कुठे लोंबत नव्हता. केस फडक्यात. जंगलखात्यातली गार्डीण दिसून राहिली, असं तो म्हणाला तेव्हा तिनं नाक मुरडलं. पण सदऱ्याची कॉलर मात्र नीट केली.

आणि मग त्याला ती बाटली दिसली.

भिंतीला टेकून, उन्हाचा पट्टा जिथे पहिल्यांदा पडतो तिथे नेमकी ठेवलेली, काचेची बाटली. आत पांढरट पिवळं, तुपासारखं थिजलेलं. टोरीचं तेल... मोहाच्या बियांचं, घरच्याच मोहाच्या, दुर्पतानं स्वतः वेचलेल्या बियांचं. बाटलीच्या कडेनं तेल थोडं थोडं सुटायला लागलं होतं. मशीनच्या टाकीत ओतण्यासाठी ती ते वितळवत होती. कारण मशीनचं तेल संपलेलं होतं, भूपेंद्र होळीला आणतो म्हणाला होता, आणि ओंडके आजच येणार होते. किती सरळ हिशेब. कानस सुकरामच्या हातातच राहिली.

पौषातली ती सकाळ अशी मधूनच येते. बोलावत नाही कोणी, पण येते. धुकं एवढं की तलाव नाहीसाच झालेला, नुसते पाण्यावरच्या बदकांचे आवाज, कुठून येतात कळत नाही, आणि अंगणात मोहाचे ओंडके. वादळात बांधावरचा मोह पडला होता, बापाच्या वेळचा. त्यानं बैलगाडीनं घरी आणला. आदल्या संध्याकाळी तो दुर्पताला म्हणाला होता, तेल भरून ठेवजो मशीनीत. सकाळी त्यानं टाकी उघडून पाहिली नाही. तिनं भरलं म्हणाली, म्हणजे भरलं. तिच्यावर विश्वास नाही तर कोणावर ठेवायचा? मशीन चालू झाली, पहिला ओंडका गेला, दुसरा... मग साखळीचा आवाज बदलला. कोरडा, खरखरीत. जळक्याचा वास आला, पट्टीजवळून धूर निघाला, साखळी लाकडात अडकून राहिली, आणि त्याला वाटलं जुना मोह आहे, लाकूड चिवट आहे, म्हणून त्यानं अंगाचा भार टाकला, जोर लावला... टोक मागच्या ओंडक्याला टेकलं. एवढंच. मशीन उसळली, डावा हात मुठीवरून निसटला. दुखलं नाही. पांढऱ्या भुश्यावर लाल पडलं ते त्यानं पाहिलं आणि दुसऱ्याच कोणाचं बघावं तसं पाहत राहिला, आणि धुक्यात बदकं ओरडत होती.

गावानं काय ते ठरवून टाकलं. मोहाला हात लावला! झाडाला न विचारता कापला! आपल्यात तर पडलेल्या झाडालाही विचारावं लागतं. हात ठेवायचा, तांदळाचे दाणे ठेवायचे, कशासाठी नेतो ते सांगायचं, मग पहिला घाव. गावचा भुमक घरी आला, देवांचं सगळं तोच बघतो, आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, सुकराम, विचारलं होतं का झाडाले? सुकराम खाली मान घालून बसला. तेव्हा तापानं डोकं गरगरत होतं, म्हणून बोलला नाही. पण नंतरही नाही बोलला. दुर्पतानं बांधावर जाऊन बुंध्यापाशी कोंबडा दिला, मोहाची दारू वाहिली, कपाळ टेकलं. नवऱ्याची चूक पोटात घाला म्हणाली.

आणि त्यानं तर विचारलं होतं! वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, एकटाच. ओल्या सालीवर दोन्ही हात ठेवून, तेव्हा दहाही बोटं होती, तो बराच वेळ उभा होता. बापाचं नाव घेऊन सांगितलं होतं की तू पडलास, तुला कुजू देत नाही, चुलीला नेतो, मुलीच्या घरी पाट करून देतो. तांदूळ ठेवले होते. कोणी पाहिलं नाही. पाहण्यासाठी केलंच नव्हतं.

टाकी त्यानं उघडली ती माघात. दुर्पता कोणाच्या तरी शेतात लाखोळीचं पीक काढायला गेली होती. भर दुपार, अंगण रिकामं, आणि कोपऱ्यात पोत्याखाली पडलेली मशीन... तिच्याकडे पाहायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती, म्हणूनच त्यानं ती बाहेर ओढली. झाकण फिरवलं. आत पांढरं, थिजलेलं. आधी काही कळलं नाही. मग वास आला, आणि कळलं. चुलीपाशी, दिव्यापाशी, आईच्या गुडघ्यांपाशी, गाडीच्या आसापाशी, लहानपणापासून जो वास या घरात भरून राहिलाय तोच. या घरात जे जे फिरतं, करकरतं, दुखतं त्याला हेच तेल लागतं. मग मशीनला का लागू नये? तिनं चुलीवर कोमट करून ओतलं असेल, वाया जाऊ नये म्हणून अगदी जपून ओतलं असेल. पौषाच्या थंडीत ते टाकीतच थिजलं. साखळीला थेंब मिळाला नाही... तो तिथे कितीतरी वेळ बसून होता. मग काडीनं सगळं खरवडून काढलं, ऊन पाणी घातलं, रॉकेलनं धुतलं, एका हातानं, मोडक्या हाताच्या कोपराखाली मशीन दाबून. ती परत यायच्या आत झाकण लावून मशीन पुन्हा पोत्याखाली ठेवली. पट्टी जळून निळी पडली होती, ती जावयाकडून नवी मागवली. कशानं जळली ते त्यालाही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? तिला काय वाटेल! एवढं साधं. ती उभ्या उभ्या खचली असती. बाई जेवली नसती. रोज भाताचं ताट पुढे ठेवताना तिची नजर या हातावर पडते, ती कशी पडली असती मग? त्यापेक्षा झाडाचा कोप बरा, सुकरामची चूक बरी. लोक दोन दिवस बोलतील, मग आपापल्या कामाला लागतील. मी गिळलं, संपलं. रात्री कधी जाग आली की तो ही गोष्ट मनात घोळवे — ती शेजारी निजलेली, तिला काही ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण बोललो नाही... त्या विचारानं छातीत एक ऊब येई. कधी कधी तर तो पुढचंही बघे: कधीतरी, म्हातारपणी, तिला कळेल, ती रडेल, आणि तो म्हणेल, जाऊ दे वो. बस, एवढंच म्हणेल. ‘जाऊ दे वो’ कोणत्या आवाजात म्हणायचं तेसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं.

आणि आता ती बाटली उन्हात.

काही बोललं नाही तरी चालेल, असं त्याच्या मनानं लगेच सुचवलं. मन तरी कसलं चलाख! बघ, ऊन चढतंय, दुपारपर्यंत हे पाणी होईल. चैत-वैशाखात तर टोरीचं तेल थिजतच नाही. उन्हाळाभर मशीन सुरळीत चालेल. हो, आणि ती म्हणेल, बघा, घरच्या तेलावर कशी चालते. तिचा हात बसेल, धीर वाढेल, आणि मग पुढचा पौष येईल. धुकं येईल. त्याच्या डोळ्यांसमोर तिचे हात आले. भाकर थापणारे, मोजा शिवणारे... त्यानं कानस खाली ठेवली.

ट्रॅक्टर आला. ओंडके उतरले, केशोरावनं ते, लाकूड आडवं ठेवून कापायच्या घोडीजवळ रचून घेतले, दुर्पताच्या सदऱ्याकडे पाहून म्हणाला, अच्छा, आज वहिनी चलानेवाली है क्या, जरा संभालके. तिनं नुसती मान हलवली. केशोराव तसा भला माणूस, पण घाईत होता. मांडवाचं, आचाऱ्याचं, पाव्हण्यांचं, सगळं एकदमच बोलत होता. सुकरामनं त्याला ट्रॅक्टरच्या पलीकडे गाठलं आणि हळूच विचारलं, इंजिनात टाकायचं नवं ऑइल असेल थोडं? होतं. पाव बाटली मिळाली. ट्रॅक्टर गेला आणि सुकराम ती काळपट बाटली घेऊन वळला तर दुर्पता समोर उभी. तिच्या हातात दुसरी बाटली, टोरीची, अर्धी वितळलेली.

"घरचं तेल असून लोकाचं कायले मांगता?"

मशीनले हेच लागते, तो म्हणाला. ती म्हणाली, काऊन? तो म्हणाला, असंच असते. आणि बाटलीचं बूच काढायला बसला, तिच्याकडे पाठ करून. मशीनवालेच असं म्हणतात, असंही काहीतरी पुटपुटला. तेल भरलं की टोक या पांढऱ्या दगडावर धरून मशीन चालवून बघायची, दगडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे, नाही उमटली तर लाकडाला लावायची नाही... हे तो भरभर बोलत गेला, आणि बोलता बोलता त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे तर छानच झालं की! नियम मिळाला, कारण नको. रेघ आली तर चालवायची, नाही तर नाही. यात तिला काय कळतंय?

पण कोमट तेलाची रेघ पहिल्यांदा येतेच. पुढच्या पौषातही येईल. तेल थिजतं मागाहून, ओंडका अर्धा झाल्यावर. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा त्याला राग आला.

दुर्पता हलली नव्हती. तिनं बाटली ओट्यावर ठेवली, मोजे काढले, एकावर एक नीट ठेवले.

"पिन काढाचं कारण सांगतलं. वायर खांद्यावरून काऊन घ्याची, थेही सांगतलं. टोक लावाचं नाई, त्याचंही. तेलाचंच काऊन नाई सांगत?"

अंगणात चिंचेची वाळकी पानं पडत होती, नेहमीसारखी, एकेक, वाऱ्यावर जरा रेंगाळून. सुकरामला वाटलं आपण खूप वेळ त्यांच्याकडेच बघत आहोत. रस्त्यानं एक सायकल गेली. रानात मोहाची नवी फुलं यायला अजून वेळ होता, पण त्या उग्र गोड वासाची आठवण मध्येच नाकाशी आली, आणि आई दिवा लावताना दिसली, वातीवरून बोट पुसताना, आणि धुकं... बोलायचं नसेल तर अजूनही उठून घरात जाता येतं. पाणी प्यायला. बायकोच्या प्रश्नावर पाणी प्यायला उठलेले नवरे गावात काय कमी आहेत! पण पाय उठले नाहीत. तिच्या मोकळ्या हातांकडे पाहत तो बोलला.

"थंडीत थिजते थे. टाकीत थिजून राहते. साखळीपर्यंत जातच नाई. मंग साखळी सुकी चालते, तापते, अडकते..."

पुढचं सांगायची गरज उरली नाही. ती बाटलीकडे बघत होती. मग तिनं बाटली उचलली, आडवी केली. सुटलेल्या तेलातून पांढरा गोळा हळूच काचेला लागला. तिनं ती पुन्हा उभी केली.

"त्या रोजी मीच भरलं होतं," ती म्हणाली.

"मीच तर सांगतलं होतं, भरून ठेव म्हून."

"तुमाले कधी कळलं?"

"माघात. टाकी खोलली तवा."

तिनं बाटली ओट्यावर ठेवली. आता... आता ती खाली बसेल, तोंडावर हात घेईल. तो उठेल, जवळ जाईल, आणि ते शब्द, कधीचे तयार असलेले, त्याच आवाजातले, ओठांशी येऊन थांबलेले... तो खरंच अर्धा उठलाही होता.

"मंग मोहाले कोंबडा कायले देल्ला मी?"

तो पुन्हा बसला.

"झाडाले विचारलं होतं तुमी?"

"विचारलं होतं."

"तरी भुमकापुढं मुंडी खाली घालून बसले. गावभर बोलू देल्लं. मले बोलू देल्लं. बांधावर डोकं टेकवून आली मी, तुमच्या नावानं."

"तुले वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच तो आवाज लहान मुलासारखा ऐकू आला.

"वाटू द्याचं होतं." तिचा स्वर चढला नाही, उलट खाली गेला. "बोटं तुमची गेली. वाईट वाटाचं माह्यं होतं. थेही तुमीच घेऊन बसले."

ती वाकली, इंजिनाचं तेल टाकीत भरलं, झाकण आवळलं, सांडलेला थेंब फडक्यानं पुसला. साखळी मधोमध चिमटीत धरून उचलून पाहिली, सोडली. ती पट्टीला नीट बसली. मोजे चढवले. चष्मा लावला. बोर्डाची वीट ओली नाही ना ते हातानं चाचपलं. त्यानं सांगितलेलं सगळं, एकही गोष्ट न चुकवता, आणि त्याच्याकडे एकदाही न बघता. मग वायर खांद्यावरून मागे टाकली आणि पिन लावली.

मशीनचा आवाज झाला. दगडावर तेलाची रेघ उमटली. ती घोडीकडे वळली, पाय रोवले, डावा हात ताठ, अंगठा मुठीखाली, डोकं बाजूला. साखळी आधी पूर्ण वेगात आणली, मगच लाकडाला टेकवली. जोर लावला नाही. मशीन स्वतःच्या वजनानं खाली जात राहिली, आणि आंब्याचा पिवळसर भुसा तिच्या पायांवर पडत राहिला. पहिला तुकडा गळून खाली पडला. सुकराम मागे उभा राहून वायर तिच्या पायांपासून दूर धरत होता. ते काम त्याचंच होतं, उरलेल्या बोटांनी जमण्यासारखं.

भीती होतीच. ती डोळ्यांना काही दुसरं बघू देत नव्हती: पट्टीचं टोक, मागचा ओंडका, त्यांच्यामधलं अंतर. पण भीतीच्या खालून आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते काय ते आधी त्याला ओळखू आलं नाही. ‘जाऊ दे वो’ तोंडात तसंच राहिलं होतं, आणि आता त्याची चवच गेली होती. तिनं मागितलंच नाही. माफी मागितली नाही, रडली नाही. उलट मलाच विचारलं, का म्हणून घेऊन बसलात. म्हणजे मीच... मी तुझ्यासाठी गावापुढं मान खालीच ठेवली, बापाच्या झाडापुढं खोटा ठरलो, आणि तू...! एवढे दिवस ताट पुढे येई तेव्हा मी काय म्हणायचो मनात? काही नाही, काही नाही, असंच म्हणायचो. पण जेवताना डावा हात ताटाशेजारी ठेवत होतो मी. मांडीवर ठेवता आला असता. तिला दिसेल असा ठेवत होतो.

हे त्याला आत्ताच कळलं, त्या आवाजात उभ्या उभ्या, आणि त्याचे कान गरम झाले. एकदा विचारायचं तरी होतंस! ओतण्याआधी एक शब्द, हे चालते का म्हणून! सगळ्याला काऊन काऊन विचारणारी बाई, आणि त्या दिवशीच कशी नाही विचारलंस? राग होता तो. चांगला ठसठशीत राग, माघातला, टाकी उघडली तेव्हाचा, तिच्यावरचाच. तो कधी गेलेलाच नव्हता. ज्या उबेनं रात्री छाती भरून येई, जिला तो माया समजून पांघरूण घालत होता, ती याचीच होती. सुकराम दचकला. एवढ्या वर्षांच्या बायकोवर असा राग! आणि त्याच्याच जोडीला, त्याच श्वासात, ती समोर पाय रोवून उभी होती तर तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटत होतं, आणि दोन्हीपैकी एकही खोटं नव्हतं.

दुसरा तुकडा पडला. दुर्पतानं खटका सोडला, साखळी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, ब्रेक पुढे ढकलला, मशीन खाली ठेवली. एकदम शांत झालं. तलावावरून कुठलासा पक्षी ओरडला. ती पाठमोरीच उभी होती, खाकी सदऱ्याचे खांदे वरखाली होत होते; दमानं की कशानं, ते मागून कळत नव्हतं.

"पिन काढा," ती म्हणाली.

त्यानं पिन काढली. आता ती वळणार होती, चष्मा वर करणार होती, त्याच्या तोंडाकडे बघणार होती. माघापासून जो चेहरा तो तिच्यापुढे रोज घालून बसे, तो त्यानं चाचपून पाहिला, आणि तो जागेवर नव्हता. तो तसाच उभा राहिला, हातात वायर धरून, रागावलेला, तिच्या वळण्याची वाट बघत.